मूळ टायर आणि ऑटोक्रॉस: हवेच्या दाबाच्या प्रकल्प नोंदी

१८ फेब्रुवारी २०२४, रविवार

या नोंदींचा विषय एकच आहे: गाडीसोबत आलेले साधे टायर न बदलता ऑटोक्रॉसमध्ये उतरायचे असेल, तर त्यांत हवा किती ठेवावी. कॅलिफोर्नियातल्या आमच्या भागात हा खेळ स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिकेच्या नियमांनुसार खेळला जातो. जुन्या धावपट्टीवर किंवा मोठ्या पार्किंगच्या मैदानावर प्लास्टिकचे कोन मांडून वळणावळणाची वाट आखतात आणि एकेका गाडीच्या फेरीची वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजतात. कोन पाडला तर दोन सेकंदांचा दंड बसतो आणि कोनांचे एखादे दार चुकले तर फेरीच बाद होते. फेरी साधारण मिनिटभराची असते आणि आमच्यासारख्या लहान गाड्या ती बहुतेक दुसऱ्या गिअरमध्येच पूर्ण करतात. शिवाय दिवसातला बराच वेळ स्वतःची गाडी बाजूला ठेवून इतरांनी पाडलेले कोन उभे करण्यात जातो. हे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण टायर किती तापतो आणि किती वेळ थंड होत राहतो याचा सगळा हिशेब या वेळापत्रकावर अवलंबून आहे.

गाडी २०११ सालची होंडा फिट स्पोर्ट आहे. भारतात २००९ मध्ये जॅझ नावाने आली ती हीच पिढी. फक्त तिथे इंजिन १.२ लिटरचे होते आणि इथे १.५ लिटरचे आहे. ताकद पुढच्या चाकांना मिळते. टायर १८५/५५ आर १६ मापाचे, सर्व ऋतूंसाठीचे आहेत. स्पर्धेच्या स्ट्रीट गटात २०० किंवा त्याहून अधिक ट्रेडवेअर क्रमांकाचे (हा अंक टायर किती टिकतो ते सांगतो) चिकट स्पोर्ट टायर चालतात आणि बहुतेक स्पर्धक तेच वापरतात. मी मूळ टायरवरच राहणार आहे. हीच गाडी सोमवारी कामावर न्यायची असते, हे एक कारण. दुसरे म्हणजे टायर साधा असला की हवेतल्या फरकाचा परिणाम अधिक ठळकपणे जाणवतो आणि शिकायला सोपा जातो.

सुरुवातीला दोन आकडे समोर आहेत. चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर चारही टायरसाठी ३३ पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड, हवेच्या दाबाचे माप) लिहिले आहे, तर टायरच्या साइडवॉलवर, म्हणजे बाजूच्या भिंतीवर, कमाल ४४ पीएसआय कोरलेले आहे. साइडवॉलवरचा आकडा म्हणजे थंड टायरमध्ये भरता येणाऱ्या हवेची मर्यादा असते; तो शिफारस नव्हे, हे पुष्कळ जण विसरतात. दारावरचा आकडा गाडी बनवणाऱ्याने ठरवलेला असतो आणि त्यात आराम, भार, इंधन, टायरची झीज आणि गाडीचा तोल यांची तडजोड असते. ही तडजोड किती वादग्रस्त ठरू शकते हे अमेरिकेने २००० साली पाहिले. फोर्डने एक्सप्लोरर गाडीसाठी २६ पीएसआय सुचवले होते; टायर फुटण्याचे प्रकरण बाहेर आल्यावर फायरस्टोनने ३० पीएसआयची शिफारस केली आणि सुमारे ६५ लाख टायर परत मागवले गेले. त्यानंतर झालेल्या कायद्यामुळे इथल्या नव्या गाड्यांत हवा कमी झाल्याचा इशारा देणारा दिवा आला. तो शिफारशीपेक्षा २५ टक्के कमी दाबाला लागला पाहिजे, असा नियम आहे. आमच्या गाडीच्या बाबतीत ती पातळी पावणेपंचवीस पीएसआयच्या आसपास येते, म्हणून खालच्या दिशेचे प्रयोग २८ च्या खाली नेणार नाही.

२० फेब्रुवारी २०२४, मंगळवार

मैदानावर जाण्यापूर्वी कागदावर थोडे गणित केले. चालकासह गाडी १,२०० किलो, गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंटिमीटर आणि दोन चाकांमधले आडवे अंतर १४८ सेंटिमीटर धरले. यांपैकी गुरुत्वमध्याची उंची हा माझा अंदाज आहे. साध्या टायरवर कोरड्या जमिनीत वळणातला आडवा जोर ०.८ जी पर्यंत, म्हणजे गाडीच्या वजनाच्या ०.८ पटीपर्यंत, जातो असे मानले, तर आतल्या बाजूचा सुमारे ३५७ किलो भार बाहेरच्या बाजूवर सरकतो.

गाडीचे जवळजवळ ६० टक्के वजन पुढे आहे, म्हणजे उभ्या गाडीत पुढच्या प्रत्येक टायरवर सुमारे ३६० किलो आणि मागच्या प्रत्येकावर सुमारे २४० किलो असते. सरकणाऱ्या भारापैकी २०० किलो पुढच्या आसावर जातो असे धरले, तर वळणात पुढच्या बाहेरच्या टायरवर ५६० किलो येतात आणि आतल्या टायरवर १६० उरतात. मागे बाहेर सुमारे ३९७ आणि आत ८३ किलो, म्हणजे आतले मागचे चाक जवळजवळ हवेतच असते. फोटोत या गाड्या तीन पायांवर दिसतात, त्याचे कारण हे आहे.

टायरवर लिहिलेला भारांक ८३ आहे आणि त्याचा अर्थ ४८७ किलो. म्हणजे मिनिटभराच्या फेरीत पुढचा बाहेरचा टायर पुन्हा पुन्हा, क्षणभर का होईना, आपल्या नोंदलेल्या क्षमतेच्या वर काम करतो. त्यातच पुढचे सस्पेन्शन मॅकफर्सन स्ट्रट प्रकारचे आहे, त्याला कॅम्बर (चाकाचा वरच्या बाजूने आत असलेला कल) जवळजवळ नाही आणि गाडी वळणात झुकली की बाहेरचे चाकही तिच्याबरोबर बाहेर कलते. त्यामुळे टायर आपल्या पूर्ण रुंदीवर न टेकता बाहेरच्या शोल्डरवर (ट्रेडच्या, म्हणजे जमिनीला टेकणाऱ्या खाचांच्या पट्ट्याच्या, कडेवर) आणि पुढे साइडवॉलवर जातो, सोप्या भाषेत कुशीवर पडतो. कॅम्बर वाढवणे किंवा दुसरा अँटी-रोल बार (गाडीचे झुकणे रोखणारा दांडा) लावणे हे खरे उपाय आहेत, पण या प्रकल्पात गाडी मूळ अवस्थेतच ठेवायची आहे. मग टायरला उभे ठेवण्यासाठी हातात उरते ती फक्त हवा.

पुढच्या आणि मागच्या टायरचे प्रश्न वेगळे आहेत, हे या गणितातून मला सर्वांत स्पष्ट दिसले. पुढे हवा ठरवायची ती टायरचा आकार टिकावा म्हणून. मागे टायरला तेवढा भार कधीच येत नाही. तिथे हवा ठरवायची ती गाडीचा तोल जमावा म्हणून. चारही टायरसाठी एकच जादूचा आकडा शोधणाऱ्यांचा गोंधळ होतो तो इथे.

२४ फेब्रुवारी २०२४, शनिवार

मोजण्याच्या साधनांची तपासणी केली. घरात पेनासारखे दिसणारे एक गेज होते आणि डायलचे एक नवीन आणले, ज्याला हवा सोडण्याची कळ आहे. एकाच टायरवर दोन्ही लावले असता पेनवाल्याने सलग मोजमापांत वेगवेगळे आकडे दाखवले, डायलवाला मात्र अर्ध्या पीएसआयच्या आत राहिला. या कामात गेज अचूक असण्यापेक्षा ते दर वेळी तेच सांगणारे असणे महत्त्वाचे आहे. ते सतत एक पीएसआय जास्त दाखवत असले तरी सगळ्या तुलना टिकतात. म्हणून पुढील सर्व आकडे एकाच डायल गेजचे असतील, पंपावरच्या किंवा मित्राच्या गेजचा एकही आकडा या नोंदींत येणार नाही.

तापमानाचा परिणामही पाहून घेतला. बंद टायरमधली हवा तापली की दाब वाढतो आणि हिशेब करताना गेजच्या आकड्यात वातावरणाचे १४.७ पीएसआय मिळवावे लागतात. सकाळी १२ अंश सेल्सिअसला ३३ भरले आणि दुपारी टायर ३२ अंशांवर गेला, तर गाडी जागची न हलताही गेज ३६ च्या पुढे जाते. ढोबळमानाने सहा अंशांना एक पीएसआय. नायट्रोजन भरला तर हा त्रास होत नाही असे दुकानदार सांगतात; कोरडी हवा आणि नायट्रोजन या बाबतीत सारखेच वागतात, फरक पडतो तो हवेतल्या बाष्पामुळे. ७८ टक्के नायट्रोजन तर आपल्याला फुकटच मिळतो, तेव्हा त्या खर्चात पडण्याचे कारण दिसत नाही.

दुपारी गाडी अंगणात अशी उभी केली की उजव्या बाजूवर ऊन येईल. तासाभराने उजव्या टायरमधला दाब डाव्यापेक्षा दोन पीएसआयने वर गेला होता. मैदानावर सगळ्या गाड्या रांगेत एकाच दिशेला तोंड करून तास तास उभ्या असतात, त्यामुळे हा प्रकार तिथे नक्की होणार. अशा वेळी दोन्ही बाजू गेजवर सारख्या केल्या, तर पहिल्याच फेरीनंतर त्या पुन्हा वेगळ्या होतील, कारण सावलीतला टायर धावताना तापून वर चढेल आणि उन्हातला आधीच चढलेला असेल. म्हणून उपाय असा ठरवला की डाव्या-उजव्या बाजूंची बरोबरी पहाटे घरच्या सावलीत, टायर पूर्ण थंड असताना करायची. मैदानावर मग एका आसाच्या दोन्ही टायरमधून सारखीच हवा कमी-जास्त करायची, त्यांचे आकडे जुळवत बसायचे नाही.

१० मार्च २०२४, रविवार

पहिला मैदानी दिवस पुढच्या टायरसाठी राखून ठेवला. मागे दिवसभर ३३ च. हवामान कोरडे, सकाळी गार वारा.

प्रत्येक पुढच्या टायरवर शोल्डरपासून साइडवॉलपर्यंत तीन ठिकाणी खडूच्या आडव्या जाड रेघा ओढल्या. ट्रेड आणि साइडवॉल जिथे मिळतात तिथे बहुतेक टायरवर एक छोटा त्रिकोण असतो. खरे तर तो ट्रेडमधली झिजेची खूण कुठे आहे हे दाखवण्यासाठी आहे, पण ऑटोक्रॉसवाल्यांनी त्याला दुसरे काम लावले आहे. फेरीनंतर खडू त्रिकोणाच्या टोकापर्यंत पुसला गेला असेल तर टायर आपली पूर्ण रुंदी वापरतो आहे असे समजतात. त्याच्या पलीकडे पुसला असेल तर टायर कुशीवर पडतो आहे आणि अलीकडेच राहिला असेल तर हवा जास्त आहे. तीन रेघा यासाठी की एखादी रेघ कोनाला घासून किंवा खडीतून जाऊन पुसली गेली, तर उरलेल्या दोन खरे सांगतात.

३३ वर पहिली फेरी घेतली. स्टिअरिंग फिरवल्यावर नाक वळायला वेळ लागत होता आणि लांब उजव्या वळणात डावा टायर ओरडत बाहेर ढकलला जात होता. खडू त्रिकोणाच्या पलीकडे जवळजवळ एक सेंटिमीटर पुसला गेला होता. दारावरचा आकडा या कामासाठी कमी आहे, याबद्दल शंका उरली नाही.

त्यानंतर पंपाने दोन्ही पुढचे टायर थेट ४२ वर नेले. एकेक पीएसआय वर जाण्याऐवजी मोठी उडी मारून पुढे उतरत येण्याची पद्धत बरी, कारण रांगेत उभे असताना हवा सोडायला काही सेकंद लागतात, भरायला मात्र दोन-तीन मिनिटे जातात आणि तेवढ्यात सुरुवात करून देणारा पिवळ्या जाकिटातला स्वयंसेवक बोलावू लागतो. ४२ वर स्टिअरिंगचा प्रतिसाद सुरेख तरतरीत होता. कोनांच्या सरळ रांगेतून डावीकडे-उजवीकडे जाताना तर गाडी नवीच वाटली. खडू त्रिकोणाच्या बराच आधी थांबला होता. पण जमिनीच्या सांध्यांवर पुढची चाके उड्या मारत होती आणि वळणातून बाहेर पडताना ॲक्सेलरेटर दाबताच पकड सुटत होती. प्रतिसाद चांगला आणि पकड कमी, हे मिश्रण चालकाला फसवणारे आहे. हाताला गाडी वेगवान वाटते, घड्याळ तसे म्हणत नाही. ‘पुढे ४० च्या वर भरा’ हा मैदानावर सर्रास ऐकू येणारा सल्ला याच भावनेवर टिकून असावा, असा माझा अंदाज आहे. उंच, लवचिक साइडवॉलच्या जुन्या टायरना तो लागूही पडत असेल. ५५ प्रोफाइलच्या, म्हणजे साइडवॉलची उंची रुंदीच्या ५५ टक्के असलेल्या, टायरला तो आहे तसा लावणे मला पटत नाही.

३८ वर खडू त्रिकोणाच्या टोकाशी आला. वळणाच्या मध्यावर टायरचा आवाज ओरडण्यावरून गुणगुणण्यावर आला आणि बाहेर पडताना पकड टिकली. शेवटच्या फेरीसाठी मुद्दाम पुन्हा ३३ वर उतरलो.

वेळा क्रमाने अशा: ३३ वर ५२.९ सेकंद, ४२ वर ५२.६, ३८ वर ५२.१ आणि परत ३३ वर ५२.५. शेवटची फेरी घेतली नसती तर पहिल्या आणि तिसऱ्या फेरीतला आठ दशांशांचा फरक मी हवेच्या खात्यावर लिहिला असता. त्यातला निम्मा भाग वाट पाठ झाल्याचा होता. दर फेरीला चालक शिकत असतो आणि वाटेवरची बारीक खडी गाड्यांच्या ये-जाने बाजूला सरत असते, त्यामुळे या खेळात नंतरची फेरी बहुधा वेगवानच असते. मधल्या काळात केलेल्या कुठल्याही बदलाला त्याचे फुकटचे श्रेय मिळते. मूळ स्थितीकडे परत येऊन मोजल्याखेरीज घड्याळाचा पुरावा ग्राह्य धरायचा नाही, हा नियम पुढच्या सगळ्या दिवसांसाठी. आणि पुढच्या टायरच्या बाबतीत घड्याळापेक्षा खडूचे म्हणणे आधी ऐकायचे.

१४ एप्रिल २०२४, रविवार

मंडळाचा पाडव्याचा कार्यक्रम आज असल्याने मैदानावर गेलो नाही. सकाळी उसना आणलेला टोचणीचा तापमापक वापरून पाहिला.

टायरचे तापमान मोजण्याची दोन साधने मिळतात. दुरून किरणांनी मोजणारे स्वस्त असते, पण ते फक्त पृष्ठभाग पाहते आणि पृष्ठभाग काही सेकंदांत निवतो. टोचणीचे साधन रबरात दोन-तीन मिलिमीटर आत जाऊन आतली ऊब मोजते, म्हणून शर्यतवाले तेच वापरतात. ट्रेडच्या बाहेरच्या, मधल्या आणि आतल्या पट्ट्यांची तुलना करून मध्य जास्त गरम असेल तर हवा जास्त, दोन्ही कडा जास्त गरम असतील तर हवा कमी, असे अनुमान काढतात. मोठ्या ट्रॅकवर हे उत्तम आहे. आमच्याकडे मिनिटभराच्या फेरीत टायर पुरता तापत नाही, आणि फेरी संपल्यापासून रांगेत परत येईपर्यंत सावकाश चालवत यावे लागते. तेवढ्यात तिन्ही पट्ट्यांतला फरक पुसट होतो. घराजवळच्या गोलाकार रस्त्यावरून नेऊन आणल्यावर बाहेरची कडा मध्यापेक्षा गरम दिसली खरी, पण कॅम्बर नसलेल्या गाडीत हवा कितीही असली तरी बाहेरची कडाच गरम राहणार. तापमापक परत करून टाकणार आहे. खडू पुरेसा आहे.

४ मे २०२४, शनिवार

मे महिन्यात इथे पाऊस सहसा पडत नाही. आज पडला आणि पुरेसा पडला. प्रकल्पाच्या दृष्टीने ही पर्वणीच होती. पत्नीनेही आजपासून याच गाडीवर दुसरी चालक म्हणून नाव नोंदवले आहे.

ओल्या जमिनीबद्दल दोन परस्परविरुद्ध सल्ले मिळतात. एक पक्ष म्हणतो, हवा कमी करा म्हणजे टायर पसरेल. दुसरा म्हणतो, वाढवा म्हणजे पाणी कापले जाईल. दुसऱ्या पक्षाच्या मागे नासाचे जुने संशोधन आहे. विमानांच्या टायरवरील प्रयोगांतून १९६० च्या दशकात वॉल्टर हॉर्न यांनी सूत्र मांडले की टायर पाण्यावर तरंगू लागण्याचा वेग, नॉटमध्ये, पीएसआयच्या वर्गमुळाच्या नऊपट असतो. त्या हिशेबाने २८ ला ताशी ८८ किलोमीटर, ३३ ला ९६ आणि ३८ ला जवळजवळ १०३ येतात. खाचा असलेल्या मोटारीच्या टायरला आणि पातळ पाण्याला हे सूत्र तंतोतंत लागू होत नाही, पण दिशा समजते. आमची सर्वांत वेगवान जागा ताशी ८५-९० किलोमीटरची आहे आणि नेमकी तिथेच खोलगट भागात पाणी साचले होते. अशा ठिकाणी २८ वर उतरणे शहाणपणाचे नव्हे.

दुसरी बाजू अशी की पावसात ०.५ जी च्या वर जाणेच अवघड असते. फेब्रुवारीतल्या गणितात हा आकडा घातला तर एकूण सरकणारा भार ३५७ वरून २२३ किलोवर येतो आणि पुढच्या बाहेरच्या टायरवर सुमारे ४८५ किलो पडतात, म्हणजे त्याच्या क्षमतेएवढेच. टायर कुशीवर पडण्याचे कारणच निघून जाते, तेव्हा त्यासाठी वाढवलेली हवा ठेवण्याचे प्रयोजन उरत नाही. खडूला आज अर्थातच सुट्टी होती. पावसात तो रेघ ओढतानाच वाहून जातो.

त्यामुळे पुढे ३५ आणि मागे ३३ अशी सुरुवात केली आणि दोघांनीही तुलनेसाठी एकेक फेरी पुढे ३८ ठेवून घेतली. ३५ वर गाडी ब्रेक लावताना निश्चितपणे अधिक शांत होती. वेळांमधला फरक मात्र पावसाच्या सरींतल्या चढ-उतारापेक्षा लहान होता, म्हणून त्या इथे लिहीत नाही. पावसात हवेपेक्षा ट्रेडची खोली आणि उजव्या पायाचा संयम यांचे वजन जास्त असते. आमच्याच गटातल्या, झिजलेल्या स्पोर्ट टायरवरच्या दोन गाड्या आज आमच्या मागे राहिल्या, त्या आमच्या हवेच्या हिशेबामुळे नव्हे.

९ जून २०२४, रविवार

मागच्या टायरचा दिवस. दुपारचे तापमान ३० च्या वर, जमीन त्याहून कितीतरी तापलेली, आणि एकाच गाडीवर दोन चालक.

दोन चालकांमुळे आधी पुढच्या टायरचाच प्रश्न नव्याने उभा राहिला. एकटा चालक असताना दोन फेऱ्यांमध्ये टायरला निवायला वेळ मिळतो. आज मी उतरलो की पत्नी लगेच बसत होती. सकाळी ३८ वर ठेवलेले पुढचे टायर दोघांच्या सलग फेऱ्यांनंतर ४२ दाखवू लागले. उलट गणित केले तर आतली हवा सुमारे ३० अंशांवरून ५३ अंशांवर गेली असावी. म्हणजे मार्चमध्ये मुद्दाम भरलेला आणि नापसंत ठरवलेला आकडा आज आपोआप येऊन बसला होता आणि सांध्यांवरच्या त्याच उड्या परत आल्या होत्या. तेव्हा इथून पुढे ३८ हा फेरीनंतरच्या गरम टायरचा आकडा समजायचा. मार्चच्या थंडीत आणि लांब विश्रांतीमुळे थंड व गरम यांत फरकच फारसा पडला नव्हता. आज प्रत्येक दोन फेऱ्यांनंतर हवा सोडून पुढचे टायर ३८ वर आणत राहिलो. काही जण फवाऱ्याने टायरवर पाणी मारून ते थंड ठेवतात. चिकट रबर जास्त तापून निसरडे होते म्हणून त्यांना ते आवश्यकच असते. आमच्या टणक टायरला एवढा लाड नको.

आता मागे. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचा मूळ स्वभाव अंडरस्टिअरचा असतो, म्हणजे स्टिअरिंग वळवले तरी नाक बाहेर जात राहते. पुढची पकड मिळेल तेवढी घेऊन झाली असेल, तर उरतो तो एकच मार्ग: मागची पकड थोडी कमी करून शेपटी फिरायला मोकळी करायची. मागचे टायर ३३ वरून ४० वर नेले. वळणात शिरताना पाय किंचित उचलला की गाडी आपणहून नाक आत वळवू लागली, आणि लांब वळणात स्टिअरिंग आधीपेक्षा कमी वळवावे लागले. पुढचा बाहेरचा टायर त्यामुळे कमी रगडला गेला. खडू आणखी दोन-तीन मिलिमीटर आत थांबला. म्हणजे मागच्या हवेतला बदल पुढच्या टायरवरही दिसतो, आणि पुढचे ठरवून मग मागचे ठरवले तरी पुढच्याकडे पुन्हा एकदा पाहावे लागते.

४४ वर मात्र कोनांच्या सरळ रांगेत शेपटी प्रत्येक कोनापाशी जास्तच झुलत होती आणि मला तीन कोनांचा दंड मिळाला. पत्नीचे म्हणणे नोंदवण्याजोगे आहे: “पुढचं चाक आता ऐकतं, पण मागचं उगाच शहाणपणा करतं.” तिच्या सवयीला मागे ३८ बरे वाटले, मला ४०. हा फरक गाडीचा नव्हे, चालकांचा आहे, आणि म्हणून मागच्या टायरचा आकडा दुसऱ्याकडून उचलता येत नाही. मी वळणात शिरताना पाय सावकाश उचलतो, ती पटकन उचलते; पटकन उचलणाऱ्याची शेपटी कमी दाबातही फिरते.

कुतूहल म्हणून दिवसाच्या शेवटी मागे २८ करून पाहिले. सैद्धांतिकदृष्ट्या हवा कमी करूनही मागची पकड ढिली करता येते. शेपटी फिरली, पण उशिरा: आधी काहीच होत नाही, मग साइडवॉल एका बाजूला पूर्ण झुकते आणि मग गाडी एकदम झोका घेते. दिशा बदलताना तो झोका उलट बाजूने पुन्हा येतो. जास्त हवेची मोकळी शेपटी आधी कळवून येते, कमी हवेची न कळवता, आणि अंदाज न येणाऱ्या गाडीवर वेग मिळवता येत नाही. मागे कमी हवा ठेवण्याचा मार्ग या गाडीपुरता बंद करतो.

शेजारच्या रांगेत एक माझदा एमएक्स-५ होती. तिच्या दारावर २९ लिहिलेले असते आणि तिचा मालक गरम टायरवर ३० च्या आसपासच ठेवतो. गाडी आमच्यापेक्षा हलकी, वजन पुढे-मागे जवळजवळ समान वाटलेले, पुढे डबल विशबोन सस्पेन्शन असल्याने झुकतानाही चाक बरेचसे उभे राहते. तिच्या टायरला कुशीवर पडण्याची वेळच क्वचित येते. आमचे ३८ तिच्यात भरले तर ती काचेवर चालल्यासारखी चालेल. आकडे विचारत फिरणाऱ्या नवख्यांना मी आता आकड्याऐवजी खडूचा तुकडा देतो.

१६ जून २०२४, रविवार

घरी टायर पूर्ण थंड झाल्यावर सर्व आकडे परत लावले आणि ट्रेडची खोली मोजली. पुढच्या डाव्या टायरचा बाहेरचा शोल्डर मध्यापेक्षा एक मिलिमीटरने जास्त झिजला आहे, उजव्याचा त्याच्या निम्म्याने. या वसंतातल्या वाटांमध्ये लांब वळणे बहुतेक उजवीकडची होती, त्यामुळे हे अपेक्षितच आहे. टायर एकाच दिशेने फिरवण्याच्या बंधनाचे नाहीत, म्हणून पुढच्या महिन्यात डावा-उजवा अदलाबदल करणार आहे.

सध्यापुरता ठरलेला क्रम असा. पहाटे सावलीत पुढे ३७ आणि मागे ३८, डावे-उजवे सारखे. पहिल्या फेरीनंतर खडू पाहायचा आणि पुढचा आकडा त्यावरून हलवायचा. कोरड्या दिवशी गरम टायर ३८ च्या आसपास ठेवायचा, आणि दोघे चालवत असू तर हवा दर दोन फेऱ्यांनी सोडायची. मागे मी गरम टायरवर ४० ठेवणार, पत्नी ३८. दोघांच्या फेऱ्यांमध्ये मिनिटभरही मिळत नसेल तर दोघांसाठी ३८. पाऊस असेल तर पुढे ३५, मागे ३३. एक पीएसआयहून लहान फरकांच्या मागे लागायचे नाही, तेवढा फरक मैदानाच्या उन्हानेच पडतो.

परतीच्या महामार्गावर निघण्यापूर्वी चारही टायर ३३ वर आणायचे आहेत, पण त्यातही एक हिशेब आहे. मैदानावर तापलेल्या टायरमधली हवा सोडून गेजवर ३३ आणले, तर दुसऱ्या दिवशी सकाळी ते थंड होऊन २९-३० वर आलेले असतात. म्हणून निघताना ३६ ठेवायचे आणि सोमवारी कामावर जाण्याआधी थंड टायर मोजून ३३ करायचे.

जुलैमध्ये पाहायचे राहिलेले: पुढचे टायर डावे-उजवे बदलल्यावर कमी झिजलेल्या शोल्डरवर खडू कुठे थांबतो, आणि त्यासाठी पुढचा आकडा एखाद्या पीएसआयने बदलावा लागतो का.